रिकामी परात

१

चैत्रातल्या त्या आठवड्यात पोलादपूरचं आभाळ कोणाच्या बापाचं ऐकत नव्हतं. सकाळी सावित्रीवरून धुकं यायचं, ते इतकं की समोरच्या गीताबाईंची तुळस दिसेनाशी व्हायची. ते विरलं की घामाच्या धारा. दुपारी महाबळेश्वरच्या डोंगराकडून ढग उतरायचे. कधी चार थेंब टाकून निघून जायचे, कधी पत्रे वाजवून. मोबाइल मात्र 'आकाश स्वच्छ' म्हणून मोकळा.

"मोबाइलला घाम येतो काय गो?" गीताबाई म्हणायच्या. "माझे गुडघे बग, ते सांगतात खरं."

सलोनीचा सगळा जीव या आभाळावर टांगलेला. एक तर तिच्या अंगणात वाळवण होतं. तिच्या हातच्या तांदळाच्या फेण्यांना मुंबईतून मागणी होती आणि फेणी एकदा भिजली की तिची खळ होते. दुसरं म्हणजे सासरे. गोमाजींना सगळी आळी आबा म्हणायची. त्यांच्या अंगाची डावी बाजू गेल्याला आता बराच काळ लोटला होता. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला असायचा. बोलणं जवळजवळ बंद. उजव्या हातात काठी असायची. पाणी हवं असलं की ती बाजेच्या पायावर आपटायची, टक टक. कोवळं ऊन द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून सलोनी रोज त्यांची बाज अंगणाच्या कडेला, पडवीला लागून टाकायची आणि एसटी स्टँडजवळच्या शिंप्याच्या दुकानात कामाला जायची. दुपारी येऊन जेवायला वाढायची. नवरा मंगेश घाटकोपरला ड्रायव्हर. घरात माणसं दोनच.

सोमवारी ती काज करत बसली असताना दुकानाच्या पत्र्यावर टपटप सुरू झाली. सलोनी हातातलं टाकून धावली. मनातल्या मनात फेण्यांचा पार अंत्यविधी उरकूनच ती घरी पोहोचली, तर अंगणात वाळवण नव्हतं.

ते शेजारच्या पडवीत होतं. एका मोठ्या परातीत सगळ्या फेण्या एकीवर एक रचून ठेवलेल्या, वर टोपली पालथी. दोरीवरचे कपडे घडी करून बाजूला. आबांची बाज आपल्याच पडवीत सरकवलेली आणि आबा कोरडे ठणठणीत.

"देव पावला," सलोनी म्हणाली आणि गीताबाईंना मनोमन हात जोडून परात उचलून आणली.

कपडे कपाटात ठेवताना तिच्या एवढंच लक्षात आलं, की सगळे उलटे होते. शिवणी बाहेर, खिसे बाहेर. ती कपडे सुलटेच वाळत घालत असे. पावसाच्या घाईत होतं असं, म्हणून तिने ते सोडून दिलं.

२

आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखर तरी घालतात, नाहीतर परसातल्या चार मिरच्या. सलोनीच्या सासूबाई होत्या तोवर त्यांनी हे तिच्या अंगात भिनवलं होतं. संध्याकाळी ती परातीत ओंजळभर फेण्या घालून गीताबाईंकडे गेली.

"ही माझी नाय गो," गीताबाई परात फिरवून बघत म्हणाल्या. "आणि मी कुठनं तुजं वाळवण उचलणार? मी सकाळधरनं महाडला. लेकीकडं, सोनालीकडं. आत्ताच तर उतरले."

"मग कोणी उचललं?"

"असंल कोण देवमाणूस. तुला फेण्या मिळाल्या ना? मग गप बस."

सलोनीने गप्प बसायचा प्रयत्न केला. पण ज्या पडवीत वाळवण ठेवलं होतं ते घर बंद होतं. ते मंगेशच्या भावकीतल्या प्रवीणचं घर. तो बायकापोरांसह मुंबईजवळ दिव्याला राहायचा आणि गणपतीलाच उगवायचा. घराची किल्ली सलोनीच्याच स्वयंपाकघरात खुंटीला होती. सणापूर्वी ती केर काढून द्यायची, एरवी त्या कुलपाला हात लावत नसे.

तिने फोन केला. "भावोजी, तुमच्याकडून कोणी आलंय का इकडे?"

"नाय वहिनी. सुट्टीच नाय ना. का, काय प्रॉब्लेम?"

"काही नाही. सहज."

परात जुनी होती, पितळेची, कल्हई उडालेली, कडेला पोचा आलेला. आळीत कोणीच ती ओळखली नाही. दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून घेणंही बरं नव्हे. शेवटी तिने फेण्यांसकट परात प्रवीणच्या पडवीत नेऊन ठेवली आणि वळताना, शेजाऱ्याला म्हणतात तसं, सवयीने म्हणाली, "उपकार झाले हो. असंच लक्ष असू द्या."

बंद दाराशी बोलल्याबद्दल तिचं तिलाच हसू आलं.

३

दुसऱ्या दिवशी ढगाचा ठिपका नव्हता. सलोनी दुकानात जायला निघाली होती, पर्स घ्यायला आत गेली आणि अंगणातून आवाज आला. फट्‌. ओलं कापड झटकावं तसा. पुन्हा एकदा, फट्‌.

ती बाहेर आली तर दोरी रिकामी. फेण्यांची चादर रिकामी. सगळं शेजारच्या पडवीत, नीट, घडी घालून, आणि तीच परात. अंगणात कोणी नाही. आबा बाजेवर बसून त्या पडवीकडे बघत होते.

"कोण होतं आबा?"

आबांनी तोंड हलवलं. शब्द आला नाही. डोळे मात्र तिकडेच.

वर ऊन लख्ख पडलं होतं. कोणीतरी टवाळखोर आपली थट्टा करतोय, असं ती मोठ्याने म्हणाली, म्हणजे कोणी असलाच तर त्याला ऐकू जावं. सगळं परत वाळत घालायला तिने पहिली साडी उचलली आणि वारा सुटला. बघता बघता आभाळ भरलं आणि असा सपाटून पाऊस आला की अंगणात पाणी साचलं.

सलोनी पडवीत उभी राहून हातातल्या साडीकडे बघत राहिली. साडी उलटी होती.

माणूस मोठा चमत्कारिक. ज्याची भीती वाटायला हवी त्याचाच आधार वाटू लागला तर भीतीला तो पाहुण्यासारखा ओटीवरच बसवून ठेवतो. पुढच्या दोन दिवसांत सलोनीला सवय झाली. दुकानात पत्र्यावर थेंब वाजले तरी ती उठेनाशी झाली. घरी आलं की सगळं कोरडं, रचलेलं. गुरुवारी तर वाऱ्याने पडलेल्या बाळकैऱ्या परातीत भरून तिच्या उंबऱ्याशी ठेवलेल्या होत्या. बाहेर पाऊस पडत होता आणि एकेक कैरी पुसून कोरडी केलेली होती.

"फुकटची मोलकरीण मिळाली की तुला," गीताबाई हसल्या. मग म्हणाल्या, "देणंघेणं ठेवतेस ना पण नीट? रिकामं भांडं द्यायचं नाय हां. आमची आय सांगायची, रिकामं दिलं की मग ते तुझ्याच घरातनं भरून नेतात."

"कोण नेतात?"

"मला काय ठावं? आय सांगायची."

सलोनीने कैऱ्यांचं लोणचं घातलं. पण ते तिला खाववेना. दिवसभर तिचे हात काहीतरी शोधत होते. बसली की उठावंसं वाटे, उठली की कशाला उठलो ते आठवेना.

४

शनिवारी महाडपलीकडच्या नाते गावी तिच्या मामेबहिणीचं, श्रुतिकाचं लग्न होतं. दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या. सलोनीने महिनाभर आधी मंगेशला सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी तू येऊन आबांपाशी थांब. शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला.

"साहेबांनी ऐनवेळी पुण्याची ड्यूटी लावली. मी काय करू सांग?"

"आणि मी काय करू?"

"गीताकाकींना सांग ना. एका दिवसाचा तर सवाल आहे. टेन्शन नको घेऊ."

टेन्शन नको घेऊ म्हणणाऱ्याला कधी कोणाचं अंथरूण बदलावं लागलं नव्हतं. सलोनीने फोन ठेवला आणि त्याच वेळी आबांनी बाज ओली केली. ती धुताना तिला रडू आलं ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. आबा वाईट नव्हते. ती लग्न होऊन आली तेव्हा पहिला आंबा तिच्या हातावर ठेवणारे तेच होते. पण ती थकली होती, आणि थकलेल्या माणसाच्या मनात जे येतं ते तिच्याही मनात आलं: यांना कोणी उचलून नेलं तर मी झोपेन तरी.

कैऱ्यांची परात द्यायची राहिली होती. तिने तीत गूळ आणि खोबऱ्याची वाटी घातली, शेजारच्या पडवीत नेऊन ठेवली. ओल्या हातांनी पदर खोचत म्हणाली, "उद्या मी घरी नाही. आमच्या आबांकडे पण जरा लक्ष असू द्या."

आत कुठेतरी कापड झटकल्याचा आवाज झाला. फट्‌.

हा होकार होता असं तिला वाटलं. तिने तो विचार झटकून टाकला. बंद घरात वारा शिरतो, जुन्या चिंध्या हलतात. शहाण्या माणसाला एवढं कळायला हवं.

५

गीताबाईंनी "जा गो, मी हाय" म्हणून सांगितलं. सलोनी महाडला गाडी बदलून नात्याला पोहोचली. अक्षता पडल्या, पंगत बसली. तिने पहिला घास घेतला आणि मांडवाचं कापड वाऱ्याने वाजलं.

फट्‌.

तिचा हात पानातच राहिला. वरंधा घाटाच्या अंगाने आभाळ काळं झालं होतं. तिने गीताबाईंना फोन लावला. लागेना. परत लावला. मग पान तसंच सोडून, मामीची बोलणी खात, ती रस्त्यावर आली आणि मिळेल त्या टमटमला हात करत सुटली.

ती आळीत शिरली तेव्हा पाऊस पडून गेला होता. पागोळ्या गळत होत्या. अंगणात बाज होती, चिंब भिजलेली. आबा नव्हते. काठी नव्हती, चपला नव्हत्या.

"मी डाळ बघायला म्हणून आत गेले गो," गीताबाई कपाळ बडवून घेत होत्या. "तोंडातनं निगतंय तवर पाऊस. बाहेर येऊन बगते तर..."

सलोनीने काही ऐकलं नाही. तिने खुंटीवरची किल्ली घेतली. कुलूप जसंच्या तसं होतं, गंजून लाल झालेलं. तिने चपला बाहेर पडवीत काढल्या, कारण दुसऱ्याच्या घरात शिरताना पाय आपोआप चपला काढतात, आणि दार ढकललं.

महिनोन्‌महिने बंद असलेल्या घराला वास असतो. इथे वास होता तो उन्हात वाळलेल्या कापडाचा. केर काढलेला. माजघरात भिंतीला लागून घड्यांचे ढीग होते. चादरी, सदरे, लहान मुलांची झबली, जुनाट लुगडी. आळीत कोणाच्या अंगावर कधी न पाहिलेली. सगळी कोरडी आणि सगळी उलटी.

ढिगांच्या मध्ये आबा बसले होते. भिंतीला टेकून, केस विंचरलेले.

"आबा!" ती धावलीच. अंग चाचपलं. गरम, कोरडं. तिने त्यांना मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. "चुकले मी. परत नाही म्हणणार. चला घरी."

त्यांना उठवताना तिची नजर पलीकडे गेली. माजघरातून आत जाणारं आणखी एक दार होतं, बंद. त्याच्या उंबऱ्याशी आबांच्या चपला होत्या. टाचा बाहेर, अंगठे आतल्या दाराकडे. घालून कोणी आत जायला निघावं तशा. शेजारी काठी मात्र नव्हती.

तिला त्या चपला उचलायच्या होत्या. पाय पुढे झाले नाहीत. चपला काय, बाजारात मिळतात. तिने आबांना धरून बाहेर आणलं आणि कुलूप लावून वर दोनदा ओढून पाहिलं.

६

रात्री तिने आबांना भरवायला ताट घेतलं, तर त्यांनी ते आपल्याकडे ओढलं आणि जेवू लागले. भात नीट कालवून, एक शीत न सांडता. सलोनीला आनंदाने काय करावं कळेना. तिने मंगेशला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे वा! आबा, एक नंबर!" मंगेश ओरडला. "हात चालायला लागला की! बघ, मी बोललो होतो ना, टेन्शन नको."

आबा फोनकडे बघून हसले. त्यांनी हात हलवला.

फोन बंद झाल्यावर सलोनी ताट उचलायला वाकली आणि तशीच थांबली. आबा जेवले होते ते डाव्या हाताने. जो हात मांडीवर मेल्यासारखा पडून असायचा, त्या हाताने. आणि ज्या उजव्या हाताने त्यांनी इतके दिवस काठी धरली, तो आता मांडीवर पडला होता. गार, ढिला. ओठांचा डावा कोपरा खाली ओघळलेला असायचा. आता उजवा ओघळला होता.

तिने दिवा जवळ आणून पाहिलं. हनुवटीवरचा तीळसुद्धा.

डोकं चालवायचं म्हणून तिने खूप चालवलं. आजार बाजू बदलत असेल. आपण घाबरलोय, आपल्यालाच डावं-उजवं समजत नाहीये. तिने स्वतःचा जेवायचा हात वर करून पाहिला, मंगळसूत्र चाचपलं. तीळ बाजू बदलत नाही, एवढ्या एका गोष्टीपाशी तिची अक्कल येऊन थांबली.

सकाळी पाणी भरताना ती स्वतःशी कबूल झाली की तिला बरंही वाटलं होतं. अंथरूण कोरडं होतं. हा माणूस आपला आपण उठत होता, आपला आपण आंघोळ करत होता. आळीत सगळे म्हणत होते, सलोनीची सेवा फळाला आली. बरं वाटल्याची तिला इतकी लाज वाटली की तिने हंडा तिथेच ठेवला.

आणि त्या शांततेत तिला ऐकू आलं. शेजारच्या बंद घरातून, खूप आतून.

टक टक.

पाणी हवं होतं.

७

दहाच्या सुमारास ऊन कडक पडलं. सलोनी पडवीत बसून होती. दुकानात गेली नव्हती. टक टक थांबत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं. दर वेळी आधीपेक्षा हळू.

"तुम्हाला ऐकू येतंय का गीताकाकी?"

गीताबाईंनी कान दिला. "सुतारपक्षी असंल गो."

घरातून तो बाहेर आला. ज्याला आता आबा म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती. आभाळ निळं होतं, वाऱ्याचा मागमूस नव्हता. तो सरळ दोरीपाशी गेला आणि डाव्या हाताने तिची साडी ओढून काढली. फट्‌. मग सदरा. फट्‌. प्रत्येक कपडा तो उलटा करत होता, शिवणी बाहेर, खिसे बाहेर, आणि घडी घालत होता. काम करताना त्याचा चेहरा अगदी शांत होता.

"पाऊस येणार काय?" गीताबाई कौतुकाने म्हणाल्या. "आबा कशे शाणे झाले बग!"

सलोनी उठली. शनिवारच्या गडबडीत तिच्याच उंबऱ्याशी परात येऊन पडली होती, पोचा आलेली, पितळेची. तीत काही नव्हतं आणि तिनेही काही घातलं नाही. जन्मात पहिल्यांदा ती दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायला निघाली होती. नको तुमचं लक्ष, नको तुमचे उपकार. देणंघेणं मोडायचंच तर असं मोडावं, एवढं तिला सुचलं. एका हातात परात, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, किल्ली बोटात.

"काय गो, रिकामी नेतेस?" गीताबाईंचा आवाज चढला. "चिमूटभर साखर तरी घाल!"

सलोनीने मागे पाहिलं नाही. तिने पडवीत चपला काढल्या, कुलूप उघडलं आणि आत गेली. परात माजघरात जमिनीवर ठेवली.

"ही घ्या तुमची," ती म्हणाली. "तुमचं आमचं संपलं. माझं माणूस मला द्या."

घड्यांचे ढीग होते तिथेच होते. आतल्या दारामागून आवाज आला, अगदी जवळून. टक टक. आणि मग, कित्येक महिन्यांत न ऐकलेला, जड जिभेचा, ओळखीचा: "सलो... पानी."

"आले आबा. आणलंय पाणी."

ती पुढे झाली. दाराच्या कडीला हात घालताना तिने खाली पाहिलं, आबांच्या चपलांवर पाय पडू नये म्हणून. उंबऱ्याशी आबांच्या चपला होत्या, अंगठे आत. त्यांच्याशेजारी आणखी एक जोड होता. निळ्या पट्ट्यांच्या, लेडीज, एका पट्ट्याला तिनेच घातलेला टाका. आत्ता, काही क्षणांपूर्वी, तिने बाहेर पडवीत काढलेल्या. त्यांचेही अंगठे आतल्या दाराकडे.

मागे, बाहेरच्या दारापाशी, कोणीतरी कापड झटकलं. उजेड कमी झाला. पत्र्यावर पहिले थेंब वाजले आणि गीताबाई ओरडल्या, "आला गो पाऊस, घ्या आत, घ्या सगळं आत!"

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. सलोनीने तांब्या घट्ट धरला आणि आतली कडी काढली.